सोमवारचं भजन आणि रिकामे पेले

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या वाचनालयाचे कार्यवाह आदरणीय माणिकप्पा, व्यासपीठावरच्या बालवाडीच्या बाई धुरपताबाई, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत आणि ज्यांना निरोप द्यायची इथे कुणालाच इच्छा नाही असे आमचे नरसिंग सोनकांबळे सर, सरांच्या शेजारी बसलेल्या त्यांच्या मंडळी, सोमवारच्या वर्गातल्या माझ्या मैत्रिणी आणि दोन गडी माणसं, आणि समोर बसलेले सगळे थोर-लहान, ज्यांत तिसऱ्या रांगेत खांबाच्या आडोशाला आमचे मालकही आहेत. शिवाला स्मरून मी, शरणम्मा गुरुपादप्पा खुमसे, आपणा सर्वांना शरणार्थ म्हणते.

हे भाषण मी जुन्या लग्नपत्रिकांच्या पाठीमागे लिहून आणलं आहे. सात पत्रिका लागल्या. पुढच्या बाजूला कुणाकुणाची लग्नं दिसतील, तिकडे आपण लक्ष देऊ नये. कागदाची कोरी बाजू टाकून द्यायची म्हटलं की मला करमत नाही. माणिकप्पांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि समोर घड्याळ ठेवलं आहे. ते त्यांच्याच घरचं घड्याळ आहे आणि ते मागे पडतं हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. मी त्याच भरवशावर उभी राहिले आहे.

मी मॅट्रिक झालेली बाई. भाषणाची सवय नाही. पण सरांनी तीन वर्षं एकच सांगितलं, उभं राहिलात की आधी आपले पाय जमिनीवर आहेत का ते बघा. बघितले. आहेत. आता बोलते.

आपला लातूर जिल्हा झाला ते साल आठवा. कचेऱ्या आल्या. कचेऱ्यांच्या मागे माणसं आली. ज्या खोलीत आपण कडबा ठेवत होतो तिथे साहेब लोक राहायला आले. आला नाही तो फक्त पाऊस. नळाला आठव्या दिवशी पाणी यायचं, आणि रांगेतलं भांडण मिटेपर्यंत तेही जायचं. त्या गर्दीत हदगावहून आवक-जावकचे एक कारकून आले. दिवसभर टपालावर शिक्के मारायचे. त्यांनी वाचनालयाकडे अर्ज दिला की सोमवारी वाचनालय बंद असतं, मागची खोली रिकामी असते, तर तिथे चार ते सहा मला गल्लीतल्या लोकांना अभिनय शिकवू द्या. माणिकप्पांनी तो अर्ज तीन वेळा वाचला असं ते स्वतः सांगतात. त्यांना वाटलं, अर्जात चूक झाली असावी, शिवणकाम म्हणायचं असेल.

मी तिथे कशी पोहोचले? श्रावणातला सोमवार होता. देवळातून येत होते. वाचनालयाच्या मागच्या खिडकीतून बघते तर आठ-नऊ माणसं गोल करून बसलेली आणि सगळी रिकाम्या पेल्यातून पाणी पिताहेत. कुणी घटाघटा, कुणी फुंकून. एकाला ठसका लागला. मला वाटलं, दुष्काळानं माणसं हलली.

आमच्या भामाबाई, ज्यांच्याकडून आपण सगळे भाजी घेतो, त्या खिडकीपाशीच बसल्या होत्या. म्हणाल्या,

"ये की आत, शरणम्मा. लई गार पाणी हाय."

"कुठाय?"

"ह्ये काय. दिसत न्हाई व्हय तुला? देवळात दगडात देव दिसतोय आन् इथं पाणी दिसत न्हाई?"

मी आत गेले. सरांनी "या ताई, बसा, पाणी घ्या" म्हणून माझ्या हातात रिकामा पेला दिला. मी म्हटलं, "मला नको. माझा श्रावणी सोमवार हाय. सांज होईस्तोर मी पाणी घेत न्हाई."

खोलीतली सगळी हसली. माणिकप्पाही हसले. तेव्हा ते वर्गात येत होते, अध्यक्ष अजून व्हायचे होते. पण मला खरंच प्रश्न पडला होता. डोळे मिटून शिवाचं ध्यान केलं तर ते पोचतं असं आपण मानतो. मग मनानं पाणी प्यालं तर उपास मोडत नाही असं कसं म्हणायचं? मी हे तसंच बोलून दाखवलं. सर हसले नाहीत. थोडा विचार केला आणि म्हणाले, "बरोबर आहे. मग तुम्ही पिऊ नका. तुम्ही सगळ्यांना वाढा."

वाढणं मला येतं. मी कमरेवरची कळशी उतरवली, म्हणजे नव्हतीच, पण उतरवली. तोंडाला फडकं होतं ते सोडलं. एकेकाला वाढत गेले. एकही थेंब खाली जाऊ दिला नाही. ज्यांनी अर्धंच प्यालं त्यांचं उरलेलं दुसऱ्या भांड्यात घेतलं, भांडी घासायला होतं म्हणून. शेवटी तांब्यातलं राहिलेलं परत कळशीत ओतलं आणि फडकं बांधलं.

सरांनी वर्ग थांबवला. विचारलं, "यांनी आत्ता काय केलं?"

माणिकप्पा म्हणाले, "पाणी दिलं."

"मग?"

"मग काय. झालं."

भामाबाई म्हणाल्या, "उरलेलं माघारी वतलं. पयल्यापासून कंजूस हाय ती."

सर म्हणाले, "कंजूस असतील. पण त्यांच्या कळशीत पाणी होतं. तुमच्या कुणाच्या पेल्यात नव्हतं."

मंडळी, आयुष्यात मला काटकसरीबद्दल शाबासकी मिळाली ती तेवढीच. घरात तिला वेगळी नावं आहेत. मी पुढच्या सोमवारीही गेले.

आता इथे एक अडचण होती आणि ती तिसऱ्या रांगेत बसली आहे. आमच्या मालकांचं नाटकाविषयी मत असं, की नाटक लांबून बघावं, जवळ जाऊ नये, आणि घरच्या बाईनं तर लांबूनही बघू नये. त्या दिवशी घरी गेले तर ते म्हणाले, "उशीर केलीस?"

मी म्हटलं, "शिवभजनाला बसले व्हते."

कसं तोंडातून गेलं ते मलाच कळलं नाही. मी खोटं बोलत नाही. दळणात पीठ पाव किलो जास्त आलं तर परत नेऊन देणारी बाई आहे मी. पण एकदा बोलून बसले, मग ते खरं करायला हवं होतं. म्हणून पुढच्या सोमवारी मी सरांना सुचवलं की वर्गाच्या आधी शिवाचा एक अभंग म्हणूया, मन स्थिर होतं. सरांनी माझ्याकडे जरा बघितलं आणि वाचनालयाची पेटी पुढे ओढली. म्हणाले, "देव तुमच्याकडे, पेटी माझ्याकडे." आपण सगळे आजपर्यंत समजत होता की तो अभंग वर्गाची परंपरा आहे. माणिकप्पांनी तर वार्षिक अहवालात तसं लिहिलंही. आज सांगते, ती परंपरा नव्हती. ते माझ्या खोट्याला लावलेलं ठिगळ होतं.

श्रावणापासून चैत्रापर्यंत आठ महिने मी असं भजन केलं. वर्गाची हजेरीवही माझ्याकडे असायची, एकही सोमवार चुकलेला नाही. सर घरी करायला सराव देत. डोक्यावर भरलेली घागर आहे असं समजून घरभर चाला. मी चालले. मालक म्हणाले, "मान धरली का?" आणि रात्री तेल गरम करून दिलं. एकदा राग आतल्या आत दाबून गोड बोलायचा सराव दिला. तो मला घरी वेगळा करावा लागला नाही.

आणि मग देवणीहून आमचे थोरले दीर आले, शिवलिंगप्पा. देवणीत भजनाच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा. कुणाचा ताल अर्ध्या मात्रेनं चुकला तर ते डोळे न उघडता नाव घेऊन सांगतात. जेवताना मालकांनी मोठ्या अभिमानानं सांगितलं की शरणम्मा दर सोमवारी भजनाला जाते, आठ म्हयने झाले, खंड न्हाई. दीर म्हणाले, "आसं? मग येत्या सोमवारी मंडळ घरीच बोलवा की. ऐकून घेतो आन् मंगळवारच्या गाडीनं जातो."

त्या आठवड्यात मला अन्न गेलं नाही. सोमवारची वाट न बघता मी सगळ्यांना वाचनालयात गोळा केलं आणि काय केलंय ते सांगून टाकलं. भामाबाईंना इतका आनंद झाला की त्यांनी मला दोनदा सांगायला लावलं.

"म्हंजे तू घरी आमाला भजनी मंडळ करून ठेवलीस?"

"हाव."

"आन् मी काय वाजवते त्याच्यात?"

"तुमी टाळ."

"बरं हाय. आभंग किती येतेत आपल्याला?"

"एक."

"मग भ्याचं काय? देवणीच्या बाजारात एकच वळू चार बाजूंनी दावतेत. पुढून येगळा दिसतो, मागून येगळा."

सर मात्र म्हणाले, "मी शिकवतो ते लोकांसमोर उभं राहून करायला. समोरच्याला माहीत असतं की हे नाटक आहे, म्हणून त्याला नाटक म्हणायचं. घरच्या माणसाला माहीत नसताना केलं तर त्याला दुसरा शब्द आहे." पण मी रडायला लागले. ते खरं रडणं होतं, अभिनय नव्हता, हे सरांना तेव्हाही कळलं असणार. शेवटी ते पेटी वाजवायला यायला तयार झाले. एका अटीवर. "मी स्वतः होऊन काही बोलणार नाही. पण मला कुणी काही विचारलं तर मी खरं तेच सांगणार." मला तेवढंच हवं होतं. कोण कशाला विचारतंय, असं मला वाटलं.

सोमवारी पाच वाजता मंडळ आलं. दीर भिंतीला टेकून डोळे मिटून बसले. मालक दाराशी. पहिल्यांदा आम्ही अभंग संथ म्हटला. दुसऱ्यांदा सरांनी ठेका वाढवला, तेव्हा तो चांगला वेगळा वाटला. तिसऱ्यांदा सरांनी पेटीवर अशी काही चाल धरली की आम्हालाच तो ओळखू येईना. माणिकप्पा दोन ओळी मागे राहिले. चौथ्यांदा भामाबाईंना रडू आलं. त्यांना अभंग येत नव्हता. त्या प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द तेवढा म्हणत होत्या आणि बाकीच्या वेळी ओठ हलवत होत्या. दीर डोळे उघडून म्हणाले, "ह्या बाईची लीनता बघा. आवाज पुढं करत न्हाई." मग मालकांकडे वळून म्हणाले, "पाची आभंग निवडून काढलेत, गुरुपादा."

म्हटला होता चार वेळा. पाचवा कुठला ऐकला ते शिव जाणे.

इथपर्यंत सगळं हसण्यासारखं आहे आणि इथेच बसावं असं मनात आलं होतं. पण पुढच्या दोन पत्रिका लिहून झाल्या आहेत.

भजन संपलं. चैत्राचं ऊन. मी पाणी आणायला आत गेले. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत बाहेरच्या अंगाला एक पितळी पेला पालथा असायचा. तो आमच्या सासूबाईंनी ठेवलेला. कुणासाठी, हे मी सांगायला नको. ह्या सभागृहात बऱ्याच घरांच्या खिडकीत तो होता. सरांचं आडनाव मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आठ महिने वर्गात मी त्यांना पाणी वाढलं होतं, सगळ्यांच्या पेल्यातून, सगळ्यांच्या कळशीतून, आणि एकदाही माझा हात अडला नव्हता. कारण त्या पेल्यात पाणी नव्हतं. त्या दिवशी खरं पाणी होतं. मी आठ पेले ताटात घेतले आणि नववा खिडकीतून काढला. विचार केला नाही. विचार केला असता तर निदान म्हणता आलं असतं की विचार चुकला.

सगळ्यांना दिलं. सरांपुढे तो पितळी पेला ठेवला. सरांनी तो बघितला. वर्गात कुणाचं बोट वाकडं झालं तरी ज्यांना दिसतं, त्यांना हे दिसणार नाही? ते मला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाले,

"शरणम्मा, वर्गात तुम्ही याहून चांगलं पाणी देता."

पण आमच्या दिरांचे कान अर्धी मात्रा ऐकणारे.

"वर्ग? कसला वर्ग?"

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. मग ते म्हणाले, "अभिनयाचा, काका. मी दर सोमवारी शिकवतो. ही सगळी माझ्या वर्गातली माणसं. ह्यांना हा एकच अभंग येतो."

"आन् तुमी कोण?"

"नरसिंग सोनकांबळे. गाव हदगाव. आम्ही बौद्ध. वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली."

ह्या सगळ्या मंडळींत अभिनय शिकलेला माणूस एकच होता आणि अभिनय न करणाराही तोच एक निघाला.

आमच्या दिरांवर काय काय येऊन पडलं बघा. भजनी मंडळ भजनी नाही, बुवा बुवा नाहीत, भावजय आठ महिने खोटं बोलून राहिली आणि घरात पेटी वाजवणारे ते कोण. आधी कशाचा राग करावा हेच त्यांना ठरवता येईना. शेवटी त्यांनी जो धरला तो मला अजून आठवतो.

"म्हंजे मला येकच आभंग चारदा ऐकिवला?"

भामाबाई म्हणाल्या, "चारच. पाच तुमी म्हनलाव."

दिरांनी पिशवी उचलली आणि मंगळवारची वाट न बघता संध्याकाळच्या गाडीनं देवणीला गेले. दोन वर्षं झाली, माझ्याशी बोलत नाहीत. तिसरी चाल मात्र त्यांनी ठेवून घेतली. देवणीच्या यात्रेत तीच म्हणतात असं कळलं.

आणि सरांनी तो पेला न उचलता तसाच ठेवला, सगळ्यांना हात जोडले, पेटी काखेत घेतली आणि उन्हातून गेले. पाणी आठव्या दिवशी येणारं ते साल. माझ्या घरात रांजण भरलेला होता आणि माझ्या घरून एक माणूस तहानलेला गेला.

मंडळ उठलं. घरात आम्ही दोघंच राहिलो. मालक म्हणाले, "आठ म्हयने?"

"हाव."

"मला नाटक चालत न्हाई म्हणून भजनाचं नाटक केलीस?"

"हाव. पण आभंग दर सोमवारी होत व्हता."

"ते ऱ्हाऊ दे. त्या मास्तरला पाणी का दिलं न्हाईस?"

"दिलं की."

"त्याला दिलं म्हनतेत व्हय? येवढ्या भजनात मला खोटं दिसलं ते तेवढंच."

ते चिडले आहेत म्हणून मी ऐकून घ्यावं, असं कुणी म्हणेल. मी नाही ऐकून घेतलं. तो पेला तुमच्या आईचा, आणि पस्तीस वर्षांत तुम्हीही तो खिडकीतून काढला नाही, हे मी तिथल्या तिथे म्हटलं. त्यांनी उठून तो पेला आत आणला आणि चुलीतल्या राखेनं घासायला बसले. घासणं त्यांना येत नाही. मी हातातून घेतला नाही. घासू दिला. आत्ता ते खांबाच्या आणखी आड सरकले आहेत, पण हे मी त्यांना विचारूनच लिहिलं आहे.

पुढच्या सोमवारी चार वाजता मी घरातच बसून होते. ते म्हणाले, "जायचं न्हाई का?"

"कोणत्या तोंडानं जाऊ?"

"ह्याच. पण भजनाला म्हणून जाऊ नको."

गेले. वाटेत सगळं ठरवलं होतं, काय बोलायचं, कुठे थांबायचं, हात कधी जोडायचे. दारातूनच सुरुवात केली, "सर, माझ्याकडून..." सरांनी हात वर केला. म्हणाले, "हे पाठ करून आणलंय. बसा खाली. आणि आज मला पाणी द्या. त्या दिवशी दिलं तसं."

सगळा वर्ग बघत होता. मी उठले. ताट धरलं, नव्हतं ते. माझा हात कापायला लागला. सर म्हणाले, "नाही. हात कापायला नको. त्या दिवशी कापला नव्हता."

मंडळी, त्यांच्या आवाजात राग असता तर मला सोपं गेलं असतं. मी पुन्हा सुरुवातीपासून केलं. मान खाली घातली. सर म्हणाले, "मानही खाली नव्हती. तुम्ही खिडकीकडे बघत होता." पुन्हा केलं. खरं सांगते, तेव्हा मनात आलं, आत्ता निघून जावं, उद्यापासून खरंच एखाद्या भजनी मंडळात जावं, तिथे कुणी असं बघत नाही. सात वेळा केलं. सातव्यांदा मी पेला त्या दिवशी ठेवला तसा ठेवला, जसा कायम ठेवत आले तसा, काही न वाटता. सर म्हणाले, "हां. हे खरं झालं."

मग त्यांनी मला पेला घेणाऱ्याच्या जागी बसवलं आणि भामाबाईंना वाढायला सांगितलं. भामाबाईंचा माझ्यावर कधीपासूनचा राग होता कुणास ठाऊक. भाजीत मी घासाघीस करते म्हणून असेल. त्यांनी दोन हात उंचावरून ओतलं. मी ओंजळ धरली आणि ओंजळीतून पाणी सांडताना मला दिसलं. दिसलं म्हणजे दिसलं. नसलेलं पाणी, माझ्या ओंजळीतून, खाली फरशीवर. वाया.

त्यातूनच आपलं वीस मिनिटांचं नाटक उभं राहिलं. जिल्ह्याच्या वर्धापनदिनाला आपण ते पहिल्यांदा केलं. ह्याच सभागृहात. पेला वेगळा ठेवणारी बाई मीच केली, कारण सर म्हणाले की दुसऱ्या कुणाला ते एवढं चांगलं येणार नाही. ही शाबासकी मी घरी सांगितली नाही. नाटक संपल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या. धुरपताबाईंनी नारळ दिला. आणि बाहेर निघताना एक बाई मला बाजूला घेऊन रागानं म्हणाल्या, "शरणम्मा, तू आमच्या खिडकीत कवा डोकावलीस?" मी म्हटलं, "डोकावले न्हाई बाई. आमच्याच खिडकीतनं दिसलं." त्या आज आलेल्या आहेत. नाव सांगत नाही. मागच्या रांगेत आता सगळ्या एकमेकींकडे बघून राहिल्या आहेत, त्या उगाच.

आता सरांची बदली झाली. भोकरला जाणार. तिथेही टपाल असेल, शिक्के असतील, आणि कुठलीतरी मागची खोली सोमवारी रिकामी असेलच. तिथल्या बायकांना माझं सांगणं एवढंच, की सर पहिल्या दिवशी रिकामा पेला देतील. तो हातात घ्यायच्या आधी नीट विचार करा. साधा दिसतो, तसा तो नाही.

अध्यक्षांचं घड्याळ मला अजून तीन मिनिटं शिल्लक दाखवतंय, खरी वेळ कधीच होऊन गेली. तेव्हा आभार मानते. वाचनालयानं खोली दिली, त्यांचे. माणिकप्पांनी पेटी दुरुस्त करून घेतली, त्यांचे. भामाबाईंचे, त्या रडल्या म्हणून. मालकांचे, ते आज खांबाआड का होईना पण नाटकवाल्यांच्या कार्यक्रमाला आले म्हणून. सरांच्या मंडळींचे, सोमवारची संध्याकाळ तीन वर्षं त्यांनी आम्हाला दिली म्हणून.

एक राहिलं. त्या सोमवारी सरांनी मला बोलू दिलं नव्हतं. नंतर नाटकाच्या शेवटी मी सरांना हात जोडले. दर प्रयोगात जोडले. पण त्यावर टाळ्या वाजल्या, आणि टाळ्या वाजल्या की ती माफी राहत नाही. साध्या शब्दांत मी कधी बोललेच नाही. म्हणून आज बोलते. हे पाठ केलेलं नाही, सातव्या पत्रिकेवर इथे कोरी जागा आहे. सर, मी तुम्हाला आमच्या घरात पाणी दिलं नाही. माझं चुकलं.

सभेनं माझ्या बोलण्यातलं कमी-जास्त विसरून जावं, मी शिकलेली थोडी आणि बोलले फार. पण सर, तुम्ही मात्र विसरू नका. विसरलेलं कुणी माफ करत नसतं. आठवत असताना कधी मनात आलं तर माफ करा. नाही आलं तरी सोमवारी चार वाजता आम्ही मागच्या खोलीत असू.

मंडळी, शरणार्थ. सर, जय भीम.